आधी भाकरीचे पान उघडा

मराठी वृत्तपत्रांतील ग्रंथपरीक्षणाची परंपरा जुनी आहे आणि प्रसंगी ती कठोरही आहे. कादंबरीकाराच्या शैलीतील कृत्रिमता, इतिहासलेखकाच्या नजरेतून निसटलेला एखादा दस्तऐवज, कवीचा एखादा सैल पडलेला चरण यांची झडती घेणारे परीक्षक आपल्याकडे पूर्वी होते व आजही आहेत. परंतु याच परीक्षकांच्या टेबलावर एखादे पाकपुस्तक अभिप्रायार्थ येऊन पडले की त्यांची लेखणी एकाएकी सौम्य होते, आणि मुखपृष्ठ आकर्षक आहे, छपाई सुबक आहे, कृती सोप्या भाषेत दिल्या आहेत असे दोन-तीन शेरे मारून 'प्रत्येक गृहिणीच्या संग्रही असावे' या ठरीव वाक्याच्या आश्रयाने ती आपली सुटका करून घेते. त्या पुस्तकातील एकही पदार्थ परीक्षकाने स्वतः केलेला किंवा घरात कोणाकडून करवून पाहिलेला नसतो, हे त्या अभिप्रायाच्या प्रत्येक शब्दावरून कळते. वस्तुतः ज्या पुस्तकातील चूक थेट वाचकाच्या ताटात येते, ज्यातील एका निष्काळजी वाक्यापायी वर्षाच्या बेगमीचे लोणचे बुरसते किंवा ऐन दिवाळीत अनारसे तुपात विरघळून जातात, त्या पुस्तकाची परीक्षा कादंबरीपेक्षा अधिक कसून व्हावयास हवी. परीक्षक ती करीत नाहीत, म्हणून ती विकत घेणाऱ्यानेच कशी करावी यासंबंधी काही विचार येथे मांडावयाचा आहे.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिंपळी हे आमचे गाव आहे, आणि तेथील घरांत पाकपुस्तक येते ते बहुधा लग्नाच्या निमित्ताने. पुण्यास किंवा पिंपरी-चिंचवडला बिऱ्हाड थाटणाऱ्या मुलीच्या सामानात आई, मावशी किंवा एखादी मैत्रीण ते घालते, आणि खरेदी करताना दोनच गोष्टी पाहिल्या जातात: चित्रे किती आणि कृती किती. हजार कृतींचे पुस्तक पाचशे कृतींच्या पुस्तकाच्या दुप्पट चांगले, असा हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब असतो. संख्येचा हा मोह आजकालचा आहे असेही नाही; १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी सिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावातच, 'गृहिणी-मित्र' या शब्दाच्या जोडीला, हजार पाकक्रियांचे आश्वासन होते. परंतु कोणत्याही घरात वर्षभरात आलटून पालटून होणारे पदार्थ शंभराच्या पलीकडे क्वचितच जातात, आणि त्यांतही रोजचे म्हणावेत असे दहा-बारा. उरलेल्या नऊशे कृती माणसाने दुपारी आडवे पडून वाचाव्यात, त्यांत एक प्रकारचा निष्पाप आनंद आहे व तो घेण्यास माझी काडीचीही हरकत नाही. मात्र त्या वाचनसुखाची किंमत देऊन आपण स्वयंपाकघराचे साधन घेतले, अशा भ्रमात राहू नये.

पाकग्रंथ कोणासाठी लिहिला आहे, हा त्याच्या परीक्षेतील आद्य प्रश्न होय, आणि आपल्याकडील जुन्या ग्रंथांकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त अन्नभोगाचे प्रकरण घातले. त्यात मांडे आहेत, वडे आहेत, नाना प्रकारची मांसे आहेत, पण ती सारी राजाच्या उपभोगांची फेरिस्त आहे. सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या 'भोजनकुतूहला'त धान्यांचे व सिद्ध पदार्थांचे गुणदोष सांगितले आहेत, परंतु ते वैद्यकाच्या अंगाने. चुलीपुढे बसलेली बाई ही यांपैकी कोणाचीच वाचक नव्हती. मुद्रणकला रुळल्यावर १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' प्रसिद्ध झाले, आणि पाकविद्या मुदपाकखान्यातून व पंडितांच्या पोथ्यांतून निघून छापील मराठी पुस्तकात आली. तथापि त्या काळच्या घरात सासू, जाऊ, आत्या, एखादी विधवा मामी अशी जाणती माणसे नवख्या सुनेच्या शेजारीच उभी असत. 'भाजून घ्यावे', 'शिजवावे', 'बेताने घालावे' एवढे पुस्तकाने सांगितले की उरलेला तपशील घरातील जिवंत प्रामाण्य पुरवीत असे. शेर, अदपाव, छटाक, तोळा ही मापे प्रत्येकीच्या हाताला ठाऊक होती आणि स्वयंपाक वीस-पंचवीस पानांचा असे, त्यामुळे चिमूटभर कमी-जास्त झाल्याने काही बिघडत नसे.

पुढे ही व्यवस्था मोडली. नोकरीसाठी माणसे शहरांत गेली, बिऱ्हाडे दोन-तीन माणसांची झाली, जाणती बाई गावी राहिली, आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने शेर-तोळेही हळूहळू व्यवहारातून गेले. अशा वेळी, १९७० साली, कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. लाखाच्या वर प्रती खपलेल्या या पुस्तकाची स्तुती पुष्कळ झाली आहे, परंतु त्याचे खरे मर्म फार थोड्यांनी सांगितले. जेमतेम प्राथमिक शाळेचे शिक्षण झालेल्या या बाईंनी तराजू बाजूस ठेवून वाटी आणि चमचा ही दोनच मापे घेतली व सारा स्वयंपाक त्यांत बसविला. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ साली बॉस्टनच्या पाकशाळेच्या ग्रंथात सपाट भरलेल्या कपाचा व चमच्याचा आग्रह धरला, तेथे कप हे ठरलेल्या आकाराचे माप झाले. ओगले यांच्या वाटीला तशा कोणत्याही सरकारी शिक्क्याची गरज भासली नाही, कारण एक वाटी डाळीला एक वाटी गूळ हे वजन नसून प्रमाण आहे, आणि प्रमाण लहान वाटीतही तेच राहते व मोठ्या वाटीतही तेच. ज्या घरात तराजू नाही त्या घराला समजणारी भाषा त्यांनी बरोबर ओळखली.

या पद्धतीलाही एक मर्यादा आहे आणि ती सांगितल्याने त्या पुस्तकाचा अधिक्षेप होत नाही. वाटीला वाटीचे प्रमाण बिनचूक चालते. परंतु वाटीला चमच्याचे प्रमाण लागले की घोटाळ्यास आरंभ होतो. शहरातील वाटी दीडशे मिलीलीटरची असेल आणि आमच्याकडची आमटीची वाटी दोनशेच्या घरातली असेल, पण चमचा मात्र दोन्ही घरी जवळपास सारखाच. तेव्हा मोठ्या वाटीच्या घरी डाळ वाढते, तिखट-मीठ वाढत नाही, आणि पदार्थ फिका उतरला म्हणजे दोष सुनेच्या हाताकडे जातो. त्यातून तो चमचा घरच्या तिखटाचा असेल तर विचारूच नये. चैत्र-वैशाखात मिरची वाळवून, धने, खोबरे, तीळ, लसूण घालून वर्षाचे तिखट कांडून आणण्याची आमच्या भागात रीत आहे, आणि एका घरच्या तिखटाचा चमचा दुसऱ्या घरच्या दोन चमच्यांना भारी पडतो. म्हणून चांगल्या पाकपुस्तकाने आपली वाटी केवढी व आपले तिखट कसले, हे आरंभीच एकदा स्पष्ट करावे. एवढा खुलासा ज्या पुस्तकात नाही, त्यातील मापे नेमकी दिसतात खरी, पण ती नेमकी नसतात.

यापुढची पारख पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्या करता येते. पाकपुस्तक हाती घेतले की पंजाबी भाज्यांची, केकची, फराळाची पाने बाजूस सारून आधी भाकरीचे पान उघडावे. ते पान मुळातच नसेल तर हे पुस्तक कोणत्या स्वयंपाकघरासाठी लिहिले आहे याचा उलगडा तेथेच होतो. असेल आणि त्यावर 'पीठ पाण्यात मळून भाकरी थापावी व दोन्ही बाजूंनी भाजावी' एवढाच मजकूर असेल, तर लेखकाला भाकरी येत नाही किंवा ती शिकविण्याची गरज वाटत नाही, यांपैकी एक काहीतरी निश्चित. भाकरीत लेखकाला लपायला जागा नसते. पीठ, पाणी आणि विस्तव यांखेरीज तेथे काही नाही. काजूची पेस्ट नाही, साय नाही, वरून पेरलेली कोथिंबीरही नाही.

भाकरीचे शास्त्र मात्र या साधेपणामागे दडलेले आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले की त्यात एक चिवट जाळे तयार होते. ज्वारी-बाजरीच्या पिठात तसे जाळे होत नाही, म्हणून ते बांधून ठेवण्याचे काम कढत पाण्याने अर्धेमुर्धे शिजलेल्या पिठालाच करावे लागते. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, मग कितीही मळले तरी थापताना कडा चिरतात, आणि अशा वेळी आधणाचे पाणी घालून उकड काढणे हाच उपाय उरतो. बाजरीत स्निग्धांश अधिक, त्यामुळे तिचे पीठ दळून ठेवले तर थोड्याच दिवसांत कडवट होते. गिरणीतून आठवड्यापुरतेच दळण आणण्याची जी रीत आपल्या आयाबायांनी पाळली, ती याच कारणाने. ज्वारीतही शाळू निराळा आणि पावसाळी ज्वारी निराळी; मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या मालदांडीची भाकरी ज्याने खाल्ली आहे त्याला हा फरक जिभेवर सांगता येतो, मग पुस्तकात 'ज्वारीचे पीठ' एवढ्या दोन शब्दांनी तो का बुजवावा? पुढे थापण्याचा भाग. पिठाचा उंडा आधी तळहाताच्या टाचेने रगडून मऊ करावा लागतो. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगोलग पाण्याचा हात फिरवावयाचा असतो, आणि ते पाणी सुकण्याच्या बेतात आले की भाकरी उलटावयाची असते. पाणी पुरते सुकू दिले तर भाकरीला तडे जातात, घाई केली तर ती तव्याला धरते. दुसरी बाजू खरपूस झाली की पहिली बाजू आराकडे किंवा गॅसच्या ज्योतीकडे करावी, म्हणजे आतील वाफेने पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते.

एवढे सारे लिहावयास पाऊण पान लागते, आणि ते पाऊण पान ज्याने खर्च केले त्याच्या उरलेल्या पुस्तकावर विश्वास ठेवण्यास मी तयार आहे. कारण या पाऊण पानात वाटी-चमच्याचा उपयोग जवळजवळ नाही. पीठ किती पाणी पिईल हे जात्याप्रमाणे, धान्याप्रमाणे, हवेप्रमाणे बदलते, आणि तेथे माप न देता खूण द्यावी लागते. कोठे मापाचे राज्य आहे आणि कोठे खुणेचे, हा विवेक ज्या लेखकाला आहे तोच खरा पाकग्रंथकार. 'चवीनुसार मीठ' या दोन शब्दांची पुष्कळ थट्टा होते. आमटीच्या बाबतीत ती थट्टा अनाठायी आहे, कारण आमटीतले मीठ चाखून वाढविता येते. परंतु कैरीच्या लोणच्यात तेच दोन शब्द लिहिणे हा अपराध आहे. तेथले मीठ चवीपेक्षा टिकाऊपणासाठी असते, ते कैरीच्या वजनाशी बांधलेले असले पाहिजे, आणि ते कमी पडले याचा दाखला आषाढात बरणी उघडल्यावर मिळतो. उलट साखरेच्या पाकाला मिनिटांचा हिशेब देणे व्यर्थ, कारण पातेले, आच आणि पाणी यांवर वेळ बदलते. तेथे एकतारी, दोनतारी, गोळीबंद या आपल्या जुन्या खुणा कोणत्याही घड्याळापेक्षा भरवशाच्या आहेत, आणि त्या बोटांच्या चिमटीत कशा पाहाव्यात हे चार ओळींत सांगता येते.

घड्याळाच्या जागी हल्ली शिट्टी आली आहे. प्रेशर कुकर आपल्याकडे १९५९ च्या सुमारास बनू लागले, आणि त्यानंतरच्या पाकपुस्तकांतून 'तीन शिट्ट्या' हे एक सार्वत्रिक कालमान होऊन बसले. कुकर तीन लिटरचा की सात लिटरचा, आत पाणी किती, आच मोठी की बारीक, यांतील एकही गोष्ट न विचारता दिलेला हा हुकूम आहे; मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि बारीक आचेवर त्या पंधरा मिनिटांतही होत नाहीत. त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा. ज्या आडाचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड आहे त्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, हे आमच्याकडील प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पाण्यातील चुन्याचा अंश डाळीच्या पेशींना धरून ठेवतो, असे त्याचे कारण विज्ञान सांगते, आणि म्हणून डाळीसाठी कालव्याचे किंवा नळाचे पाणी राखून ठेवण्याची युक्ती बायका पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. वीरजवळ नीरा नदीतून निघालेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास या टापूत आला, त्याने ऊस आणला, माळेगाव-भवानीनगरचे साखर कारखाने शक्य केले, कित्येक ठिकाणी जमिनी खारवटून टाकल्या, याची चर्चा सभांतून भरपूर होते. त्याने डाळ शिजवली, ही गोष्ट कोणी भाषणात सांगत नाही. शहरात बसून लिहिलेल्या पुस्तकात डाळ शिजत नसेल तर चिमूटभर सोडा घाला असा सल्ला असतो. त्याने डाळ शिजते, तिची चवही जाते. चिंच-आमसूल डाळ पुरती मऊ झाल्यावरच घालावे, आधी घातल्यास ती कडक राहते, एवढे एक वाक्य त्या सोड्यापेक्षा अधिक उपयोगाचे झाले असते.

आता जरा अवघड जागी येतो. 'महाराष्ट्रीय' म्हणून जी पाकपुस्तके छापली जातात, त्यांतील बहुतेकांचा महाराष्ट्र पुण्याच्या पेठांपासून कोकणच्या किनाऱ्यापर्यंत आणि तेथून मुंबईपर्यंत पसरलेला असतो. त्यांत जागोजाग ओले खोबरे खवलेले असते. पिंपळीत नारळ देवापुढे फुटतो आणि त्याचा प्रसाद वाटला जातो. कालवणाला दाटपणा आणतो तो शेंगदाण्याचा कूट, तीळ, कारळे किंवा भाजलेल्या डाळीचे पीठ. भाकरीबरोबर जे काही ओले किंवा रसदार खावयाचे त्याला आमच्याकडे कोरड्यास म्हणतात. या एका नावाखाली घरोघर जेवढे प्रकार होतात तेवढ्यांचे एक स्वतंत्र प्रकरण सहज होईल, परंतु बाजारातील पुस्तकांच्या अनुक्रमणिकेत हा शब्द शोधून सापडावयाचा नाही. बारामती तालुक्याच्या जिरायत भागात, मोरगाव-सुप्याकडे, हुलगा पिकतो. त्याच्या पिठात लसूण-जिरे-तिखट घालून, घट्ट मळून, बोटाएवढी वळी करून तिची वेढी वळावयाची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात शिजवावयाची, ही शेंगोळी. हुलगा भाजून दळून त्याचे पातळ माडगे करावयाचे, ते आजारातून उठलेल्या माणसाला आणि थंडीत रात्रपाळीचे दारे धरून आलेल्या शेतकऱ्याला. हरभऱ्याचा कोवळा पाला, पाथरी, घोळ, तांदुळजा या भाज्या शेतात सहज मिळतात, त्यांना बाजारभाव नाही आणि म्हणूनच की काय पुस्तकात पानही नाही.

इंदापूरच्या बाजूस तर याहून मोठी उणीव आहे. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या फुगवट्याकाठी मासेमारीचा एक नवाच व्यवसाय उभा राहिला. भिगवणचा मासळीबाजार आज दूरवर प्रसिद्ध आहे आणि रस्त्याकाठच्या खाणावळींतून चिलापीचे कालवण भाकरीबरोबर मिळते. हे चार दशकांहून अधिक काळ चालले आहे. तरीही मराठी पाकपुस्तकात मासा म्हटला की तो समुद्राचाच: पापलेट, सुरमई, बांगडा, आणि सोबतीला आमसूल व नारळाचा रस. गोड्या पाण्यातील माशाचा चिखलवास कसा घालवावा, त्यातील बारीक काटे कसे सांभाळावेत, शेंगदाण्याच्या कुटात त्याचे कालवण कसे जमते, हे ज्या बायकांना येते त्यांना कोणी विचारलेले नाही. हे दुर्लक्ष केवळ भौगोलिक आहे असेही मी म्हणणार नाही. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नस्मृतींवर एक पुस्तिका सिद्ध केली, आणि २०१५ साली शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या ग्रंथात मराठवाड्यातील दलित वस्त्यांमधील स्वयंपाक कृतींसह नोंदविला. पाकपुस्तक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ चकचकीत ग्रंथांपेक्षा त्या ग्रंथात परीक्षकांना विचार करावयास लावणारा मजकूर अधिक आहे. मराठी ताटाची जी व्याख्या छापली गेली तीत किती चुली धरल्याच नव्हत्या, हे अशा पुस्तकांवाचून कळले नसते.

याचा अर्थ पुण्याच्या किंवा कोकणच्या लेखिकेने हुलग्याची शेंगोळी लिहावी असा मुळीच नाही. तिने ती लिहू नये हेच बरे. न खाल्लेल्या पदार्थाची कृती पाहुण्याने लिहिली की काय होते ते हॉटेलांच्या 'गावरान' पाट्यांवर आपण रोज पाहतो. माझे मागणे इतकेच की पुस्तकाने मुखपृष्ठावरच आपला मुलूख सांगावा: हे अमुक घराचे, अमुक तालुक्याचे, अमुक समाजाचे अन्न आहे. इंग्लंडात इझाबेला बीटन यांनी १८६१ च्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात प्रत्येक कृतीखाली अंदाजे खर्च, किती माणसांना पुरेल आणि कोणत्या ऋतूत करावी हे नोंदविले होते. त्यांच्या पुष्कळ कृती इतरांच्या पुस्तकांतून उचललेल्या होत्या हे खरे, पण ही तीन कलमे मात्र कोणत्याही काळी घरच्या स्वयंपाकाच्या कामाची आहेत. आपल्या पुस्तकांत ऋतू जवळजवळ नाहीसा झाला आहे. हुरड्याचे वडे ज्येष्ठात आणि कैरीची डाळ मार्गशीर्षात करण्याची सूचना कोणी थेट देत नाही, पण सर्व कृती अकारविल्हे लावल्या की वाचकाच्या मनात तसाच गोंधळ होतो.

मोबाईलवरील चित्रफितींनी हे सारे पुस्तकी प्रश्न निकालात काढले, असे तरुण मंडळी म्हणतात. त्यात तथ्य आहे. भाकरी थापणारा हात शब्दांनी सांगण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेला बरा. परंतु चित्रफितीत प्रतीक्षा कापून टाकलेली असते. कांदा टाकला आणि दुसऱ्या क्षणी तो तांबूस झाला, अनारशाचे तांदूळ भिजत घातले आणि लगेच कुटले. मधले तीन दिवस, रोज बदललेले पाणी, सावलीत सुकविणे, गुळात मुरविणे, हे सारे एका हसऱ्या चेहऱ्याच्या आड जाते. स्वयंपाकात चुका होतात त्या नेमक्या याच कापलेल्या भागात. शिवाय हात पिठात भरलेले असताना पडदा मागे सरकविता येत नाही, आणि पुस्तकाचे पान पिठाच्या बोटाने उलटले तर त्याच्यावर एक डाग राहतो, एवढेच. तो डाग पुढल्या वेळी खुणेच्या उपयोगी पडतो.

मग आमच्या भागाचे पुस्तक कोणी लिहावे? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली चालणारी वाचनालये तालुक्यात आहेत, गावोगाव बचत गट आहेत, शाळा-महाविद्यालये आहेत. पन्नास-साठ कृतींची एक पुस्तिका काढण्यास याहून मोठ्या सरंजामाची आवश्यकता नाही. 'आम्ही काय करतो त्यात लिहिण्यासारखे काय आहे' असे बायका म्हणतील, आणि ज्यांच्या हाताला सारे ठाऊक आहे त्यांना ते शब्दांत उतरविणे खरोखरच कठीण जाते. 'थोडेसे', 'अंदाजाने', 'झाले की कळतेच' यापलीकडे त्यांची कैफियत जात नाही. म्हणून कृती सांगून घेण्याऐवजी करताना पाहून लिहावी. एकीने स्वयंपाक करावा; दुसरीने वही घेऊन शेजारी बसावे, मूठ भरली की ती पडण्यापूर्वी वाटीत ओतून मोजावी, 'आता' असा शब्द आला की 'आता म्हणजे काय दिसल्यावर' असे विचारून उत्तर जसेच्या तसे टिपून घ्यावे. तो खर्डा मग तिसऱ्या माणसाच्या हाती द्यावा, ज्याने आजवर चहाखेरीज काही केलेले नाही, आणि कोणासही न विचारता केवळ त्या लिखिताच्या आधारे त्याने पदार्थ करावा. तो जेथे जेथे अडेल तेथे तेथे मजकुरात उणीव आहे असे समजून दुरुस्ती करावी. असा तिसरा माणूस शोधण्यास गावात लांब जावे लागू नये. संध्याकाळी पारावर बसून कारखान्याच्या उसाच्या भावावर बोलणाऱ्यांपैकी निम्मे तरी या कामास सर्वथैव पात्र आहेत, आणि त्यांच्या पहिल्या भाकऱ्या खाण्याची तयारी घरच्यांनी ठेवली तर पुस्तिकेचे काम एका उन्हाळ्यात उरकेल.